ठाण्याच्या हवेत टिकेल असं फोटोबुक हाताने कसं बांधायचं

सगळ्यात आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईच्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. अशा हवेत कॉटनचा कागद ओल ओढून फुगतो, कडांना लाटा येतात, पुठ्ठा वाकतो आणि खळ वाळण्याआधी आंबते. म्हणून फोटो निवडणं, क्रम लावणं आणि डमी (साध्या कागदाची नमुना प्रत) करणं ही कामं पावसाळ्यात उरकावीत. छपाई आणि बांधणी नोव्हेंबर ते मार्चमध्ये करावी. पावसाळ्यातच बांधायची वेळ आली तर एसी ड्राय मोडवर ठेवून खोली ४५ ते ५५ टक्क्यांवर आणा आणि कागद उलगडण्यापासून शेवटच्या दाबापर्यंत सगळं त्याच खोलीत करा. एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्याच. या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अवजार तेच आहे.

इथे जे पुस्तक बांधायचं आहे ते २१० × २८० मिमीचं, उभं, १२ जोडपानांचं. जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं. बांधणी ड्रम-लीफ पद्धतीची, म्हणजे शिलाईशिवाय. प्रत्येक जोडपान हा एकाच बाजूने छापलेला अखंड कागद असतो. तो चित्र आत ठेवून मधोमध दुमडायचा, सगळ्या घड्या एकावर एक रचून कण्याला चिकटवायच्या आणि शेजारच्या दोन घड्यांच्या कोऱ्या पाठी फक्त बाहेरच्या कडेला जोडायच्या.

फोटोंसाठी आम्ही हीच बांधणी सुचवतो. फर्मे (एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांचे जुडगे) शिवून केलेल्या पुस्तकात बहुतेक जोडपानांवर चित्राचा डावा अर्धा एका कागदावर आणि उजवा दुसऱ्यावर येतो, त्यामुळे क्षितिजाची रेघ अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी डोळ्याला खुपते. जिथे दोन्ही अर्धे एकाच कागदावर येतात तिथे मधून दोरा दिसतो. शिवाय दोन्ही बाजूंनी कोटिंग (शाई धरणारा थर) असलेला कागद लागतो, तो महाग आणि मिळायला अवघड. लग्नाचा लॅमिनेट केलेला अल्बमही सपाट उघडतो हे खरं, पण त्यात बोट प्लॅस्टिकच्या थरावर फिरतं. कॉटनच्या कागदावर इतका खर्च करायचा तर त्याचा पोत हाताला लागलाच पाहिजे.

क्रम आणि डमी

विषय खाडीचा आहे असं धरू, कारण इथल्या कितीतरी फोटोग्राफरांच्या हार्डडिस्कमध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे हजारो फोटो पडून आहेत. ते तारखेप्रमाणे लावले की पुस्तक कंटाळवाणं होतं. ओहोटीला पक्षी चिखलाच्या पट्ट्यावर पांगतात आणि भरती चढली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे गोळा होतात. ही ये-जा पुस्तकाचा कणा होऊ शकते. पहिली चार जोडपानं ओहोटीची, मधली पाणी चढतानाची, शेवटची भरतीची, असा क्रम ठेवला तर वेगवेगळ्या वर्षांचे फोटोही एकमेकांशेजारी नांदतात.

४ × ६ इंचाच्या साध्या प्रिंट काढा, शंभरेक. जमिनीवर पसरा आणि २४ च्या आत येईपर्यंत काढून टाका. दोन फोटो समोरासमोर ठेवायचे तर त्यांच्यात एक तरी दुवा हवा: क्षितिजाची उंची, प्रकाशाची दिशा किंवा एखादा रंग. दोन्ही फोटो तितकेच जोरदार असतील तर एकमेकांना मारतात, तेव्हा एक पान कोरं सोडलेलं बरं. मग साध्या कागदावर पूर्ण मापाची डमी करा आणि आठवडाभर टेबलावर राहू द्या. घरात येणारे-जाणारे ती चाळतील. कोणत्या पानावर हात थांबतो आणि कोणतं पान न बघता उलटलं जातं, हे नुसतं पाहून दोन-तीन फोटो तरी गळतात.

आता मापाचा हिशेब. ४२० × २८० मिमीचं जोडपान काठोकाठ भरायचं तर ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) ४९६१ × ३३०७ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० × ४००० मिळतात, म्हणजे न कापलेली चौकट आरामात बसते. पक्ष्यांचे फोटो मात्र बहुधा कापलेले असतात. कापून रुंदी २४०० पिक्सेल उरली असेल तर २४० पीपीआयला ती २५४ मिमी होते, म्हणजे एका पानापेक्षा थोडी जास्त. मॅट कॉटनवर २४० चालतं, त्याखाली जाऊ नका. असा फोटो ओढूनताणून जोडपानभर पसरवण्यापेक्षा एका पानावर रुंद पांढऱ्या कडेसह ठेवा.

कागद आणि त्याचा ग्रेन

१००% कॉटन, आम्लरहित, मॅट, १८० ते २२० जीएसएम (ग्रॅम प्रति चौ. मीटर). ३०० जीएसएमचा कागद हातात भारदस्त वाटतो, पण ड्रम-लीफमध्ये प्रत्येक पान दोन थरांचं होतं आणि पुस्तक पुठ्ठ्यांची चवड बनतं.

ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला वाढतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर पान बाहेरच्या कडेकडे मोकळेपणी वाढतं. उलटा असेल तर पानाची उंची वाढू बघते, कण्याशी ते गोंदाने जखडलेलं असतं आणि घडीजवळ लाटा उठतात. त्या लाटा नंतर कोणत्याही वजनाने बसत नाहीत. पावसाळ्यात बिघडलेली बहुतेक घरगुती फोटोबुकं याच एका कारणाने बिघडलेली दिसतात.

रोलमध्ये ग्रेन रोलच्या लांबीच्या दिशेने असतो. म्हणून जोडपानाची रुंदी रोलच्या रुंदीत आणि पुस्तकाची उंची रोलच्या लांबीत यायला हवी. इथेच लॅबमध्ये घोळ होतो. २४ इंची रोलवर ४२६ × २८६ मिमीची फाइल आडवी फिरवली की दोन प्रिंट शेजारी बसतात आणि कागद वाचतो, त्यामुळे सॉफ्टवेअर आपोआप ती फिरवतं. ऑटो-रोटेट आणि नेस्टिंग (प्रिंट शेजारी-शेजारी दाटीने मांडणं) बंद ठेवायला आधीच लेखी सांगा. १७ इंची, म्हणजे ४३२ मिमी रुंदीचा रोल या मापाला चपखल बसतो. एका प्रतीला १२ जोडपानांचे साधारण ३.६ मीटर, तीन जादा प्रिंट आणि चाचण्या मिळून ५.५ मीटर धरा. १२ मीटरच्या रोलमध्ये दोन प्रती होतात.

कापीव कागद घेतलात तर ग्रेन स्वतः तपासा. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. ज्या दिशेने तो सहज वळतो, ती वळणाची रेघ ग्रेनला समांतर असते. खात्री हवी असेल तर कोपऱ्याचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो सुरळी होईल, आणि सुरळीचा आस हीच ग्रेनची दिशा.

छपाई

शाई पिगमेंटचीच हवी, मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक. त्या प्रिंटरचा आणि त्याच कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतात याची फाइल) लॅबकडून मागून घ्या आणि सॉफ्ट-प्रूफ करा, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच पाहा. मॉनिटरची चमक १०० कॅन्डेला प्रति चौ. मीटरच्या आसपास आणा. घरचे मॉनिटर बहुधा याच्या दुपटीवर असतात आणि म्हणूनच ‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार येते. फाइल १६ बिट टिफ, शार्पनिंग शेवटच्या मापावर.

मॅट कागदावर काळा रंग चमकदार कागदाइतका खोल जात नाही. ओहोटीचा चिखल, खारफुटीच्या मुळांखालची सावली, ढगाळ सकाळचं पाणी अशा करड्या-तपकिरी छटांना हा कागद फार सुंदर न्याय देतो. पंखांचा भडक गुलाबी आणि सूर्यास्ताचा नारिंगी मात्र गामटच्या, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेच्या, बाहेर जाऊ शकतो. तो तसाच पाठवला तर पिसांमधला तपशील सपाट होतो. फक्त त्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा आणि १०० मिमी रुंदीची चाचणी-पट्टी काढून ती दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका.

छापण्याआधी कागदावरून मऊ ब्रश फिरवा. कॉटनचे सुटे तंतू वर राहिले तर छपाईनंतर गळतात आणि आकाशात पांढरे ठिपके उरतात. प्रिंट किमान २४ तास उघड्या सुकू द्या. मग मधे आम्लरहित टिश्यू घालून आणखी एक दिवस वजनाखाली ठेवा म्हणजे रोलचा वळसा जाईल.

घडी आणि गठ्ठा

प्रत्येक प्रिंट ४२६ × २८६ मिमी कापा. घडीनंतर ती २१३ × २८६ होते. तीन बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर शेवटी छाटायचे आहेत. घडीची रेघ कोऱ्या पाठीवरून पाडा, खाली पातळ पुठ्ठा किंवा ब्लॉटिंग ठेवून, बोन फोल्डरने (घडी पाडायची बोथट पट्टी), स्टीलच्या पट्टीच्या आधाराने. उठलेला उंचवटा चित्राच्या बाजूला येतो आणि घडी त्याच बाजूला मिटते. कोटिंग घडीच्या आत राहिल्याने ताणलं न जाता दाबलं जातं, म्हणून तडकण्याचा धोका कमी. तरीही घडीवरून गडद काळा भाग जात असेल तर एका जादा प्रिंटवर आधी करून बघा. अगदी कोरड्या दुपारी कोटिंग ठिसूळ होतं, तेव्हा ५०-५५ टक्के आर्द्रता चांगली. घडी दाबताना मधे बटर पेपर हवाच, नाहीतर मॅट पृष्ठभागावर चकाकता ओरखडा उठतो आणि तो जात नाही.

१२ घड्यांच्या पुढे आणि मागे कोऱ्या कॉटन कागदाची एकेक घडी जोडा. हीच पुढे आवरणाला चिकटेल. १४ घड्या कण्याकडून टेबलावर ठोकून एका रेषेत आणा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्यात धरा, कणा १ मिमी बाहेर ठेवून. शिकंजा नसेल तर सुताराचे दोन सी-क्लॅम्प पुरतात.

गोंद पीएच-न्यूट्रल पीव्हीए, म्हणजे बाइंडिंगचा आम्लरहित गोंद. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरू नका. तो वाळून कडक होतो, कणा वाकायला नकार देतो आणि काही वर्षांत घडीपाशी फुटतो. पहिला हात पातळ, ब्रशच्या टोकाने घड्यांच्या फटींत रुजवत. २० मिनिटांनी दुसरा. त्यावर मलमलीची २७० × ६० मिमी पट्टी बसवा, म्हणजे १० मिमीच्या कण्यावरून दोन्हीकडे २५ मिमीचे पंख उरतील. हेच पंख पुस्तकाला आवरणात धरून ठेवतात. रात्रभर वाळू द्या.

आता बाहेरच्या कडा, आणि सगळं कौशल्य इथे आहे. पहिल्या घडीची पाठ समोर घ्या. तिच्यावर रद्दी कागद असा ठेवा की बाहेरच्या कडेची फक्त ८ मिमी पट्टी उघडी राहील. (त्यातले ३ मिमी पुढे छाटले जातील, ५ उरतील.) जवळजवळ कोरड्या ब्रशने पातळ पीव्हीए लावा, रद्दी कागद काढून टाका, पुढची घडी त्यावर बसवा आणि बटर पेपरवरून बोटाने दाबा. प्रत्येक पट्टीला नवा रद्दी कागद घ्या. तोच परत वापरला की त्याच्या कडेचा गोंद पुढच्या पानावर जातो. गोंद जास्त झाला तर पाठीमागून ओल चढते आणि चित्राच्या कडेला सुरकुती दिसते. संपूर्ण पाठ ओल्या गोंदाने चिकटवण्याचा मोह टाळा. पान फुगतं, वाळताना आवळतं आणि पुस्तक नांगराच्या फाळासारखं वळतं. सगळ्या कडा झाल्या की पाच-सहा किलो वजनाखाली रात्रभर.

छाटणी नव्या ब्लेडने, जड स्टीलच्या पट्टीलगत, हलक्या हाताने वीस-पंचवीस फेऱ्यांत. झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानातल्या कटिंग मशीनवर द्यायचं असेल तर पात्याची धार आधी एखाद्या रद्दी गठ्ठ्यावर बघून घ्या. बोथट पातं वरची पानं ओढतं आणि कॉटन कागदाच्या कडेला लव सुटते.

आवरण

पुठ्ठा २ मिमीचा ग्रे बोर्ड. बाजारात याला कप्पा बोर्ड म्हणतात. तो आम्लरहित मिळाला तर उत्तम. ग्रेन इथेही कण्याला समांतर. छाटलेला गठ्ठा २१० × २८० मिमी आणि जाडी ८ ते १० मिमी भरेल, पण अंदाजावर जाऊ नका, दाबून कॅलिपरने मोजा. १० मिमी आली तर मापं अशी: दोन पुठ्ठे २०६ × २८६, कण्याची पट्टी १४ × २८६ (गठ्ठा अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी), पट्टी आणि पुठ्ठ्यांच्या मधे दोन्ही बाजूंना ७ मिमीची खाच (मोकळी जागा). कापड ४७६ × ३२२, म्हणजे चारी बाजूंना १८ मिमी वळणावळ (आत दुमडायची कड).

बाइंडिंगचं तयार कापड, पुठ्ठा, बोन फोल्डर यांसाठी मशीद किंवा सीएसएमटीला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट पालथी घालावी. खादी किंवा भिवंडीचं यंत्रमागावरचं जाडसर सुती कापडही छान दिसतं, पण ते थेट वापरलं की गोंद विणीतून वर येऊन डाग पडतो. त्याच्या पाठीला आधी पातळ टिश्यू खळीने चिकटवून, काचेवर ताणून वाळवा.

खळ गव्हाच्या स्टार्चची करा. कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक, मीठ न घालता, दोन-तीन पाण्यांनी धुऊन गाळला की हाच स्टार्च मिळतो. एक भाग स्टार्च पाच भाग पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर २० मिनिटं ढवळत शिजवा, थंड करून चाळणीतून दोनदा गाळा. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. मैद्याच्या खळीत प्रथिनं राहतात, ती पिवळी पडते. जुन्या पद्धतीत किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. हिशेबाच्या वह्यांना ते चाललं, फोटोच्या कागदाजवळ नको. तांबं कागदाच्या तंतूंची झीज वाढवतं.

आवरणासाठी पीव्हीए आणि खळ निम्मी-निम्मी मिसळा, म्हणजे जागा सारखी करायला वेळ मिळतो. कापडाला गोंद मधून बाहेर लावा, आधी कण्याची पट्टी, मग पुठ्ठे. कोपरे ४५ अंशांत कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिमी सोडा. जास्त कापलं तर पुठ्ठा उघडा पडतो. आधी वर-खाली वळवा, कोपऱ्यातली चुणी नखाने आत दाबा, मग बाजू.

गठ्ठा आवरणात बसवताना कण्याला गोंद लावायचा नाही. तो पोकळच राहायला हवा, नाहीतर पुस्तक सपाट उघडणार नाही. पहिल्या कोऱ्या पानाखाली बटर पेपर आणि त्यालगत ब्लॉटिंग घाला, मलमलीच्या पंखाला आणि पानाला गोंद लावा, पुठ्ठा वरून मिटवा, उघडून न बघता दाबा. दुसरी बाजू तशीच. खाचांमध्ये ३ मिमीच्या विणायच्या सुया ठेवून फळ्यांमध्ये १० किलोखाली किमान २४ तास. दर काही तासांनी बटर पेपरजवळचं ब्लॉटिंग बदला.

दुसऱ्या दिवशी आवरण बाहेरच्या बाजूला वाकलेलं दिसलं तर कापडाची ओढ आतल्या पानापेक्षा जास्त झाली आहे. पुढच्या प्रतीत पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आधी एक पातळ कागद चिकटवून वाळवून घ्या. आत वाकलं तर आतल्या पानाला गोंद जास्त ओला होता.

आवृत्ती आणि किंमत

शेवटच्या पानावर कागद, शाई, बांधणी, छपाईचं वर्ष, एकूण प्रती आणि या प्रतीचा क्रमांक लिहा, ३/१५ असा, २बी पेन्सिलीने. फोटोंच्या जागा, तारखा आणि भरती-ओहोटीची वेळही द्या. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या काठाची तुलना करणाऱ्याला तारखेसकट छापलेला फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. तारखेविना तो नुसता सुंदर असतो. ठरवलेल्या प्रती झाल्या की थांबा, हे घेणाऱ्याला दिलेलं वचन आहे.

एका प्रतीला हाताचं काम पूर्ण एक दिवसाचं, वाळवण धरून चार-पाच दिवस. किंमत काढताना सामान, वाया गेलेल्या प्रिंट, डमीचा खर्च सगळ्या प्रतींत वाटून, आणि कुशल कारागिराच्या दराने स्वतःची मजुरी हे सगळं धरा. दुकान किंवा गॅलरी घेते तो वाटाही सुरुवातीलाच मिळवा, म्हणजे घरून आणि गॅलरीतून किंमत एकच राहते. मजुरी सोडून दिलेली कमी किंमत घेणाऱ्यालाही वस्तूबद्दल चुकीचं सांगते.

जपणूक

पुस्तक कापडी पिशवीत किंवा आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवा. पीव्हीसीचं कव्हर नको, पेटीत डांबरगोळ्या नकोत, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तर मुळीच नको. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते आणि खळीच्या वासाने कसर येते. नारिंगी सिलिका जेलची पुडी पेटीत ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असलेल्या दुपारी, सगळी पानं उलटा.

बुरशीचा वास आला किंवा कापडावर करडे ठिपके दिसले तर ते पुस्तक बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळं करा. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात ठेवू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात पानं पंख्यासारखी उघडून दोन दिवस वाळवा. मग तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे एकाच दिशेने झाडा, आणि तो ब्रश पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला लावू नका.